ढोमण्याचा अर्थ

छापखान्यातल्या जुन्या बोलीचा कोश करणाऱ्या बाई ‘ढोमण्या’ या एका शब्दापाशी पार चक्रावल्या होत्या. ‘काय ढोमण्या आहेस रे!’ असं तिथे अजूनही सर्रास म्हणत, पण जितकी तोंडं तितके अर्थ. आताचे फोरमन म्हणाले, ‘कामात माती खाणारा.’ मशीनवाला हसला, ‘अहो, ठार वेडा!’ बाइंडिंगवाल्या आजींची सुई मात्र जागीच थांबली. ‘दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन गप्प बसणारा,’ एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी बाई तिथून कधीच गेलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराकडे पोचल्या. शब्द ऐकताच तो ओशाळला.

‘अहो, ते माझंच टोपणनाव. चारशे पुस्तकांची पानं उलटसुलट शिवली गेली, म्हणून मला हाकललं होतं.’

बाई आणखीच गोंधळल्या. त्यांनी तिन्ही अर्थांची कार्डं त्याच्यापुढे मांडली. ‘मग आजोबा, यातला खरा कुठला?’

त्यानं तिसरं कार्ड उचललं. ‘हा कुणी सांगितला?’

‘बाइंडिंगवाल्या आजींनी.’

म्हातारा कितीतरी वेळ त्या कार्डावरून बोट फिरवत राहिला.

‘म्हणजे तिला माहीत होतं तर.’