येरझाऱ्या

दिगंबरनं पट्टा उचलला, तशी त्याची कुत्री रंभा पलंगाखाली शिरली.

उद्या स्पर्धा होती. मान वर करून, मालकाच्या डाव्या पायाला खेटून कुत्र्यानं उत्साहात चालायचं, एवढंच. तेवढ्यासाठी त्यानं महिनाभर तिच्याकडून तेच घोटून घेतलं होतं. आता पट्टा दिसला की ती शेपूट घालायची.

"मीच माती केली," असं पुटपुटत त्यानं पट्टा खुंटीला अडकवला आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागला.

"अहो, बसा की! मला गरगरतंय," बायको करवादली. तो ऐकेना.

थोड्या वेळानं तीच हळू आवाजात म्हणाली, "थांबू नका. डावीकडे बघा."

दाराशी तो वळला. मान वर करून, शेपूट हलवत रंभाही त्याच्या पायाला खेटून वळली.

बायकोनं खुंटीवरचा पट्टा काढून गुपचूप पाठीमागे लपवला.