त्या शहराचे नामवंत

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या घरात रविवारचा दुसरा चहा झाला, की कस्तुरी खिडकीशी बसून मोबाइलवर अमेरिकेतल्या एका छोट्याशा शहराचं पान उघडायची. स्वरालीच्या जन्माआधी, नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी, तिनं तिथे जेमतेम एक हिवाळा काढला होता. बाकी सगळं सोडून ती थेट शेवटी जायची, तिथे जन्मलेल्या नामवंतांच्या यादीवर. एक जलतरणपटू, एक ट्रम्पेटवादक, एक सिनेटर, एक वैमानिक. एकेक नाव ती हळूच उच्चारायची आणि डोळे मिटायची. मग त्या नावाचा कुणी उंच माणूस तिथल्या बर्फातून घराकडे चालत यायचा, आणि दाराशी पोचता पोचता विरघळून जायचा.

“आई, परत तोच लिस्ट?” सोळा वर्षांची स्वराली आज शेजारी येऊन टेकली. “ओल्ड बॉयफ्रेंड आहे का कोणी त्यात?”

कस्तुरी हसली. “तुझा दादाही तिथलाच की गं. त्याच शहरात जन्मला.”

आपल्याला एक दादा होता, एवढंच स्वरालीला ठाऊक होतं. तिनं यादीवरून सावकाश बोट फिरवलं. “काय नाव होतं त्याचं?”

“बारसं बाराव्या दिवशी करायचं होतं. तो नवव्या दिवशीच गेला.” कस्तुरीनं पुन्हा डोळे मिटले. “म्हणून यातलं एकेक नाव अंगड्यासारखं त्याला लावून बघते. सगळीच मोठी होतात गं त्याला.”