भुकेची ओळख

जंगलात एकटीने पाच दिवस राहायचं, तर आधी दंडावरची अन्नपट्टी काढून नाक्यावर आठ तास बसून दाखवावं लागे; आत पट्टी बिघडली तर निभाव लागायला हवा. कुमुदिनीबाई पहाटेपासून बसल्या होत्या. पायाशी चकमक, कोयता आणि घोंगडी. परवान्यासाठीच शेजारी बसलेले तिघे ‘पोटात काहीतरी होतंय’ म्हणून घाबरले आणि पट्टी लावून घरी परतले. जन्मापासून पट्टीच पोसत आलेली, त्यामुळे भूक कुणाला ठाऊकच नव्हती.

दुपारी तपासनीस शर्वाणी काळजीने जवळ आली. “काकू, कळ येतेय का? लावू पट्टी? परवाना मात्र मग मिळायचा नाही.”

“कळ कसली गं! भूक लागलीय. दर संकष्टीला मी पट्टी काढते, ती चंद्र दिसेपर्यंत.”

“भीती नाही वाटत?”

“पहिल्या वर्षी वाटली. आता ओळख झालीय. थोडा वेळ कुरकुर करते, मग बिचारी शेजारी गप्प बसून राहते.”

आठ तास भरताच शर्वाणीने हसत परवान्यावर शिक्का मारला. कुमुदिनीबाईंनी गणपतीचं नाव घेऊन घोंगडी खांद्यावर टाकली. वळणावर पोचल्या, तोच मागून हाक आली. शर्वाणी आपल्या पट्टीची कड नखाने उचकत उभी होती.

“काकू, पुढची संकष्टी कधी हो?”

“मंगळवारी! तोवर येतेच मी.”