नाबालाची बायको

हरिदासने उत्तराचं मनगट धरलं आणि चहाच्या तापलेल्या पातेल्यावर दाबलं. ओरडायची सोय नव्हती. पलीकडे हॉलमध्ये चर्चच्या मंडळीतली माणसं सतरंजीवर बसून गीत म्हणत होती.

“समोसे गार आहेत,” तो अगदी हळू म्हणाला. “पाळकांसमोर मी गार समोसे ठेवू? बोल ना यार.”

बोललं की दुसरं मनगट, हे तिला ठाऊक होतं. त्याने सोडल्यावर तिने हात नळाखाली धरला, तर दिल्लीच्या द्वारका भागात एप्रिलात नळालाही कढत पाणी. तिने ब्लाउजची लांब बाही खाली ओढली. दिल्लीच्या उन्हाळ्यात ही बाई लांब बाह्या का घालते, हे मंडळीतल्या एकाही शहाण्याने आजवर विचारलं नव्हतं. साधी राहणी म्हणून कौतुक मात्र करायचे.

“अडखळू नकोस आज. माझी शोभा करशील,” हरिदास म्हणाला, आणि केसांवरून हात फिरवत हसतमुखाने बाहेर गेला.

प्रार्थनासभा ज्या घरी भरेल, त्या घरच्या बाईने बायबलातल्या एका स्त्रीवर बोलायचं, अशी या मराठी मंडळीची रीत. आजचा विषय हरिदासनेच ठरवून दिला होता. अबीगईल. तापट नवऱ्याची समजूतदार बायको, एवढंच त्याला लहानपणीचं आठवत होतं. अध्याय उघडून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. उत्तराने घेतले. तो मंत्रालयात कामावर गेला की रोज ती तेवढाच अध्याय पुन्हा वाचायची, आणि वाचता वाचता तिला स्वतःचाच राग यायला लागला होता.

ती हॉलमध्ये येऊन उभी राहिली. समोर गिरिजामावशी, मंडळीतल्या सगळ्यांत वडील. शेजारी पाळक. भिंतीला टेकून हरिदास.

“अबीगईलचा नवरा नाबाल,” ती म्हणाली. “पैसेवाला, उर्मट. त्याने पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा अपमान केला. दावीद तलवारी घेऊन घरातला एकेक पुरुष कापायला निघाला. तेव्हा ही बाई नवऱ्याला न सांगता बाहेर पडली. भाकरी, द्राक्षारस, मनुका गाढवांवर लादून त्या तलवारींसमोर जाऊन उभी राहिली.”

माना डोलल्या. हरिदासनेही डोलावली.

“घर वाचवलं गं तिने,” गिरिजामावशी म्हणाल्या. “नवऱ्याचं सगळं झाकून नेलं.”

“नाही मावशी. झाकलं नाही.” उत्तरा त्यांच्याकडे वळली. “आपण नेहमी तेवढंच सांगतो. ती दावीदाला काय म्हणाली, ते गाळतो. माझा नवरा दुष्ट आहे, असं म्हणाली ती. घराबाहेर, परक्या पुरुषांत, मोठ्याने.”

हरिदासची मान थांबली.

तेवढ्यात छतावरून विमान जायला लागलं. विमानतळ जवळच, त्यामुळे इथे विमान आलं की बोलणाऱ्याने थांबायचं असतं. उत्तरा थांबली. चहा आणते म्हणून तिला आत जाता आलं असतं. हरिदास नुसत्या ओठांनी सांगत होता, बस खाली. तिला बसावंसं वाटलंही, खोटं कशाला बोला. पण तिने विमान पूर्ण जाऊ दिलं. ऐकू आलं नाही, असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये म्हणून.

“माझाही नवरा दुष्ट आहे,” ती म्हणाली. “तो मला मारतो. आत्ता तुम्ही गीत म्हणत होतात, तेव्हा त्याने मला भाजलं.” आणि तिने बाही वर केली.

हरिदास दोन माणसांना ओलांडून आला. पहिला तडाखा कानावर बसला. ती टीपॉयवर आदळली, काचेचे ग्लास फुटले. मग लाथ, बरगडीत. “पागल औरत,” तो ओरडला आणि पुन्हा लाथ घातली. हाताला इतकी सवय होती की समोर माणसं बसलीत हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तिच्या ओठातून रक्त सतरंजीवर सांडलं.

कुणी उठलं नाही. पाळक पांढरेफटक पडले. गिरिजामावशींनी मात्र संकटात आयुष्यभर जे केलं, तेच केलं. हात जोडले.

“आपण प्रार्थना करू या,” त्या कशाबशा म्हणाल्या. “सगळ्यांनी डोळे मिटा.”

आणि सगळ्यांनी मिटले. खरंच मिटले हो. मुकाट माना खाली गेल्या, आणि हरिदासने उत्तराचे केस मुठीत धरले.

“मिटू नका,” उत्तरा जमिनीवरून म्हणाली. तोंडात रक्त होतं, तरी शब्द स्वच्छ आले. “मावशी, उघडा डोळे.”

गिरिजामावशींनी उघडले. आधी तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग हरिदासच्या मुठीकडे. “हे परमेश्वरा,” त्यांनी सवयीने सुरुवात केली, पण पुढचं काही सुचेना. मागे एकेक मान वर येत होती.

“आमेन नंतर म्हणू,” उत्तरा म्हणाली. “आधी बघा.”