परत आलेली पोती

विक्रीला निघालेल्या तांदळाच्या पोत्यात तपासनीस बाईंनी नळी खुपसली, तर हिरवट बुरशीचे गोळेच हातात आले. त्यांनी शेरा मारला : माणसांना अयोग्य, जनावरांच्या खाद्यासाठी द्यावा.

आठवड्याने तीच पोती गोदामात परत हजर.

"पशुखाद्यवाल्यांनी नाक मुरडलं, ताई," गोदाम सांभाळणारे मामा म्हणाले. "म्हणे, हे खाऊन गाभण गायी गाभ टाकतील."

"मग पुरून टाका."

"पुरायचं कशाला? उद्या शाळांत जेवणाला पाठवतोय."

"मी सही करणार नाही, मामा."

मामा लेकीची समजूत काढावी तसे हसले. "सही लागतेच कुठे? तपासणी विकायच्या मालाची असते. पोरांना तर आपण फुकट देतो."