काटकसर

लीलंडने गॅरेजात काडतुसं भरायचं मशीन मांडलं आणि व्हर्नाला घरात सवत आल्यासारखं झालं. मक्याच्या पावाचा शेवटचा घास तोंडात असतानाच स्वारी तिकडे पळायची आणि रिकाम्या पुंगळ्यांत दारू ठासत बसायची.

"अगं, पिस्तुलाच्या गोळ्या घरी भरल्या की निम्म्यात पडतात. दुकानदाराच्या घशात डॉलर कशाला घालायचे?" तो म्हणायचा. "आणि तुझी ती लाल नेलपॉलिश दे बघू. बुडाला ठिपका लावला, की नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या माझ्या रिकाम्या पुंगळ्या दुसरं कुणी उचलणार नाही."

चार पैसे वाचतायत ना, म्हणून तिने बाटली दिली आणि बोडक्या नखांनी सवतीला सोसलं.

एका रविवारी चर्चमधून ती हट्टाने त्याच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेली. लीलंडने दुकानातल्या महागड्या गोळ्यांचं कोरं खोकं फोडलं.

"आणि घरी भरलेल्या?"

"संपल्या गं," तो वर न बघता म्हणाला.



शेजारच्या टेबलावर क्लबात नवीनच आलेली कॉरिन गुणगुणत पिस्तूल भरत होती, आणि तिच्या एकूण एक काडतुसाच्या बुडाला व्हर्नाची नेलपॉलिश होती.