प्लॉटवरचं झाड

कोरडा नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला. आजही पाणी न्हाईच, म्हणून मी बादली सरकवून परत लॅपटॉपपाशी बसले.

बियाणे कंपनीसाठी मी दर आठवड्याला चाचणीच्या प्लॉटवर जाऊन काढलेले फोटो फोल्डरातल्या फोल्डरांत विखुरले होते. त्यातून कपाशीच्या एकाच झाडाचे फोटो फाइलच्या नावावरून वेचून एका जागी आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन पानांपासून फुटलेल्या बोंडापर्यंत एकही आठवडा सुटला नव्हता.

मांडीवर बसलेली पाच वर्षांची कशफ हसली. "एका झाडाचे एवढे! मंग आता माझं नाव टाक ना, अम्मी."



मी 'कशफ' टाकलं, एकही फोटो आला न्हाई, तशी तिनं विचारलं, "मी पहिल्यांदा चालले, तो फोटो कोणत्या फोल्डरात आहे?"